खोलीतला खांब आणि रुळाचं वळण

घरात छोटी रेल्वे मांडायची म्हटलं की माणूस आधी खोलीतले अडथळे मोजायला लागतो. कोपऱ्यातला काँक्रीटचा खांब, आत उघडणारं दार, भिंतीतलं कपाट, खिडकीचं ग्रिल, पाहुण्यांसाठी ठेवलेला पलंग. यादी पूर्ण होते आणि गाड्यांचं खोकं परत माळ्यावर जातं. खरं तर यातले बहुतेक अडथळे रेल्वेला फारसे नडत नाहीत. नडतात त्या तीन गोष्टी सहसा यादीत नसतातच: वळणाची त्रिज्या, आपल्या हाताची लांबी आणि चढ. आधी या तिघांशी बोलणी करावीत. खांब आणि दार ही त्यामानाने समजूतदार मंडळी आहेत.

उदाहरणाला पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली नेहमीची १० बाय ११ फुटांची खोली घेऊ, म्हणजे ३.०५ बाय ३.३५ मीटर. गाड्या एचओ प्रमाणातल्या, खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान.

गैरसमज: आठ बाय चारचा प्लाय आणला की अर्धं काम झालं

प्लायवूड ८ बाय ४ फुटांच्या तुकड्यात मिळतं ही दुकानदाराची सोय आहे, रेल्वेची नव्हे. तरी पिढ्यान् पिढ्या लोक तोच तुकडा टेबलावर टाकून त्यावर लंबगोल रूळ मांडत आले आहेत.

हिशेब करून पाहा. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. उभ्या माणसाचा हात, पुढची घरं-झाडं न मोडता, जेमतेम ६० ते ७५ सेंटिमीटर आत पोचतो. म्हणजे हे टेबल भिंतीला चिकटवलं तर मागचा निम्मा भाग हाताबाहेर गेला, आणि गाडी घसरते ती नेमकी तिथेच. दोन्ही बाजूंनी पोचायचं तर टेबल खोलीच्या मध्ये ओढावं लागतं, आणि मग चहूबाजूंनी माणूस आडवा होऊन चालणार. पलंगाचं तर नावच नको.

प्लाय ४५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापून भिंतीलगत फळीसारखं चारही बाजूंनी फिरवलं तर? टेबलावरचा लंबगोल मार्ग पावणेसहा मीटरच्या आसपास भरतो. फळीवरचा मार्ग, कोपऱ्यांत ७५ सेंटिमीटर त्रिज्येची वळणं धरूनसुद्धा, साडेनऊ मीटरच्या पुढे जातो. वळणं जास्त सैल, सरळ भाग लांब, सगळीकडे हात पोचतो आणि मध्ये सुमारे २.१५ बाय २.४५ मीटरची जागा मोकळी राहते. फळी १२५-१३० सेंटिमीटर उंचीवर बसवली तर खाली पलंग, टेबल, पुस्तकांचं शेल्फ सगळं मावतं. शिवाय गाडी डोळ्यांच्या जवळपास येते. टेबलावरची रेल्वे आपण विमानातून पाहिल्यासारखी पाहतो. फलाटावर उभं राहिल्याचा भास हवा तर उंची हवीच.

भिंतीवरची फळी मला टेबलापेक्षा कधीही उजवी वाटते, हे सांगून टाकतो. पुढचं सगळं तिला धरूनच आहे.

गैरसमज: खोली मोठी असती तर खरीखुरी वळणं बसली असती

नसती बसली. भारतीय ब्रॉडगेजवर मुख्य मार्गाला चालणारं सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. त्याला ८७ने भागलं तर २.०१ मीटर येतात. एवढ्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ फिरवायला चार मीटरहून जास्त रुंदी लागते. आपली अख्खी खोलीही तेवढी नाही. दिवाणखान्यात ते एकदाचं बसेल, पण मग दिवाणखाना राहणार नाही. आणि हे झालं सर्वांत तीव्र वळण. राजधानी ज्या वळणांवरून भरधाव जाते ती याहून कितीतरी पसरट असतात.

तयार रुळांच्या संचात जी वळणं मिळतात त्यांची त्रिज्या ३७.१, ४३.८, ५०.५ आणि ५७.२ सेंटिमीटर अशी असते. पहिल्या दोन वळणांवर लांब डबे टोकाला अगदी बाहेर लोंबतात आणि खेळण्यासारखे दिसतात. तेव्हा घरातली प्रत्येक रेल्वे वळणाच्या बाबतीत थाप मारतेच. ती किती सफाईने मारायची एवढाच प्रश्न. दोन युक्त्या उपयोगी पडतात. पहिली, सर्वांत तीव्र वळण डोंगराच्या, झाडीच्या किंवा इमारतीच्या मागे घालायचं. दुसरी फळीच्या रचनेत फुकट मिळते. आपण खोलीच्या मधोमध, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला उभे असतो. आतून पाहताना डब्यांची टोकं एकमेकांजवळ आलेली दिसतात. बाहेरून पाहिलं तर त्यांच्यामधल्या फटी उघड्या पडतात. तीच गाडी, तेच वळण, पण आतून ते बरंच सैल वाटतं.

गैरसमज: कोपऱ्यातला खांब मार्ग तोडतो

हा गैरसमज भूमितीनेच मिटतो. मार्ग भिंतीपासून साधारण २२ सेंटिमीटरवर आहे आणि कोपऱ्यात तो ७५ सेंटिमीटर त्रिज्येने वळतो असं धरा. मग कोपऱ्याच्या टोकापासून रुळापर्यंतचं तिरकं अंतर जवळजवळ ६२ सेंटिमीटर भरतं. खांब दोन्ही भिंतींतून २३-२३ सेंटिमीटर बाहेर आला, तरी त्याची कड कोपऱ्यापासून साडेबत्तीस सेंटिमीटरवर संपते. रूळ आणि खांब यांच्यात ३० सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते. वळण तिथे जाणारच नव्हतं, त्यामुळे खांब त्याला अडवणार तरी कुठे? उलट फळीला कोपऱ्यात पुढून एक त्रिकोणी तुकडा जोडावा लागतो, कारण वळण फळीच्या पुढच्या कडेवर येतं. लक्ष द्यायचं ते या तुकड्याकडे.

भिंतीच्या मधोमध आलेला खांब मात्र खरंच जागा खातो. पंधरा सेंटिमीटर पुढे आला तर ४५च्या फळीत ३० उरतात. दुहेरी मार्गाला तेवढे पुरे होतात, पण स्टेशन तिथे येणार नाही, आणि येऊही नये. अशा खांबापुढे खडकाचा कडा, गिरणीची मागची भिंत किंवा पाण्याची टाकी उभी करावी आणि गाडी तिच्यामागे क्षणभर दिसेनाशी व्हावी. मोकळ्या फळीवर ज्या गोष्टीसाठी मुद्दाम डोंगर रचावा लागतो, ती इथे बिल्डरने आधीच बांधून दिलेली असते: डावीकडचा देखावा आणि उजवीकडचा देखावा वेगळे पाडणारा आडोसा. खांबाच्या अलीकडे बाजारपेठेचं स्टेशन आणि पलीकडे माळरान दाखवलं तर मधलं अंतर पाहणारा स्वतःच कल्पून घेतो. फळी सलग मोकळी असती तर त्याला ते फक्त दीड मीटर दिसलं असतं.

एक सूचना, गरज पडू नये अशी. ‘खांब जरा तासून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा. खांबातलं लोखंड वरच्या सगळ्या मजल्यांचं आहे.

गैरसमज: दार आडवं आलं की गाडी फिरणार नाही

गाडी गोल फिरलीच पाहिजे हे कोणी ठरवलं? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटलेली गाडी गोल फिरून परत येत नाही. खरी रेल्वे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, इंजिन सुटतं, दुसऱ्या बाजूला लागतं आणि गाडी परत निघते. दाराच्या एका बाजूला टर्मिनस आणि दुसऱ्या बाजूला दुसरं टर्मिनस किंवा गाड्या लपवून उभ्या करायचं यार्ड, असा इंग्रजी यू अक्षरासारखा मार्ग पूर्णपणे रेल्वेसारखा असतो. ब्रिटिश संपादक सी. जे. फ्रीझर यांनी १९५७ मध्ये ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकात ‘मिनरीज’ नावाचा आराखडा छापला: शहरातलं छोटं टर्मिनस, सातेक फुटांच्या अरुंद फळीवर बसणारं. आजही लोक तो नव्याने बांधतात, कारण त्यात एकामागून एक गाड्या घेता-सोडता येतात आणि हात रिकामा राहत नाही.

त्याहून छोटं हवं असेल तर ॲलन राइट यांचं ‘इंगलनुक सायडिंग्ज’. तीन सायडिंग, त्यांत अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या उचलून पाच वाघिणींचा क्रम ठरवायचा आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. आठांतून पाच क्रमाने निवडायचे ६,७२० प्रकार होतात. चारेक फुटांची फळी, एक इंजिन, आणि रविवारची दुपार कशी गेली कळत नाही.

तरीही कोणाला गाडी सतत फिरती पाहायची असते, आणि त्यात काही गैर नाही. हातात कप घेऊन नुसती गाडी पाहत बसण्यासारखं सुख नाही. मग दारावरून पूल न्यायचा. त्याचे तीन प्रकार: उचलून बाजूला ठेवायचा, बिजागरीवर वर उघडणारा, किंवा फाटकासारखा आडवा फिरणारा. उचलायचा पूल सर्वांत स्वस्त, पण तो ठेवायचा कुठे हे आधी ठरलेलं असावं, नाहीतर तो पलंगावर पडतो आणि पाहुणे त्याच्यावर बसतात. आडवं फाटक बनवायला कठीण, वापरायला सगळ्यांत आरामाचं.

पुलाचं काम बिघडतं ते रुळांच्या टोकांशी. नुसत्या खिळ्यांवर बसवलेला रूळ दहा-वीसदा पूल उचलल्यावर हलतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने चाक चढतं. म्हणून फटीच्या दोन्ही बाजूंना शेवटचा रूळ पितळी स्क्रूच्या डोक्यावर किंवा तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर सोल्डर करून पक्का करतात. पूल दर वेळी त्याच जागी यावा म्हणून दारा-खिडक्यांना लावतो तीच पितळी कडी दोन्ही टोकांना बसवली तरी चालते. आणि वीज: पूल बसलेला असेल तेव्हाच त्याच्या दोन्हीकडच्या काही फूट रुळांना वीज मिळेल अशी बटणाची जोडणी हवी. हे केलं नाही तर एखाद्या संध्याकाळी इंजिन सव्वा मीटर उंचीवरून फरशीवर येतं. नव्या इंजिनाची किंमत पाहिली की बटणाची किंमत फार वाटत नाही.

खाली वाकून आत जायचा चौथा मार्गही आहे. तिशीत तो ठीक वाटतो. पुढे गुडघे आणि कंबर आपलं मत देतात.

दार आत उघडत असेल तर त्याचं पान पाऊण मीटर त्रिज्येची चकती खोलीतून कापून घेतं. सुताराकडून बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडतं केलं, किंवा सरकतं केलं, तर खोलीतली सर्वांत मोठी जागा एका दिवसात मोकळी होते. अख्ख्या लेआउटमधला हा सर्वांत फायद्याचा खर्च.

गैरसमज: कपाट हलवल्याशिवाय इलाज नाही

भिंतीतल्या कपाटाचा एक आडवा कप्पा, २५ सेंटिमीटर उंचीचा, घरच्यांकडून मागून घ्यावा. बाजूच्या फळीला बोगद्याएवढं भोक पाडलं की आत तीन-चार गाड्या रांगेने उभ्या राहतात. प्रत्येक लेआउटला अशी नजरेआडची जागा लागतेच, जिथून गाडी ‘दुसऱ्या गावाहून’ येते. कपाटाला दार असल्याने तिथे धूळ कमी आणि हात पोचायची सोय आयती. तक्रार एकच येते: कपडे काढताना एक्स्प्रेस दिसते.

कप्पा मिळालाच नाही आणि कपाटापुढे वळण बसत नसेल, तर आपल्या घाटाची आठवण करावी. बोरघाटात १८६३ साली मार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीला तोंड फिरवून उलट्या दिशेने जावं लागे. कड्यावर मार्ग सलग नेता येईना, म्हणून अभियंत्यांनी तिथे गाडी थांबवून मागच्या बाजूने पुढे काढली. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडलं. खोलीतही हे चालतं. वळायला दीड मीटर रुंदी लागते, तर उलटं फिरायला गाडीच्या लांबीएवढी शेपटी पुरते आणि ती १५ सेंटिमीटरच्या पट्टीवर मावते.

गैरसमज: जागा नसेल तर वर चढायचं

दोन मार्ग एकावर एक नेले की जागा दुप्पट, असं कागदावर दिसतं. एचओ प्रमाणात खालची गाडी वरच्या मार्गाखालून जायला रुळापासून साडेसात-आठ सेंटिमीटर मोकळी उंची लागते. वरच्या प्लायची जाडी धरली तर नऊ. पन्नासास एक या चढाने नऊ सेंटिमीटर चढायला साडेचार मीटर हवेत, आणि चढाची सुरुवात नि शेवट हळूहळू करायला आणखी थोडे. मग तेवढंच उतरायचं. आपल्या साडेनऊ मीटरच्या मार्गात चढ-उतार सोडून काहीच उरत नाही. स्टेशन उतरणीवर ठेवलं तर डबे आपले आपण चालू लागतात.

चढ अधिक तीव्र करावा, तर बोरघाटाचा चढ ३७ला एक आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही कर्जतहून मागे जादा इंजिनं लावावी लागतात. नेरळ-माथेरान २०ला एक चढते, पण ती ६१० मिलिमीटर गेजची चिमुकली गाडी, मोजके डबे घेऊन. खेळण्यातलं इंजिन वजनाने हलकं. वळणावरच्या घर्षणासकट ३७चा चढ दिला तर एरवी आठ डबे ओढणारं इंजिन दोन-तीन डब्यांवर चाकं फिरवत बसतं. गोल जिन्यासारखा सर्पिल मार्ग हा एक उपाय सांगितला जातो. साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या एका फेऱ्यात ३.७७ मीटर मार्ग होतो आणि पन्नासास एक चढाने गाडी साडेसात सेंटिमीटर वर येते. पण तो जिना सव्वा मीटर लांबी-रुंदीची जागा गिळतो, म्हणजे खोलीचा एक कोपरा संपला. माझा कौल सपाट मार्गाला. चढ हवाच असेल तर रस्ता, नदी, गाव यांना खालीवर करा. रूळ तिथेच राहू दे.

गैरसमज: छोटं प्रमाण घेतलं की सगळं बसतं

एन प्रमाण १:१६०चं, त्यात रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. तयार वळणं २५ ते ३१ सेंटिमीटर त्रिज्येची, म्हणजे तेवढ्याच खोलीत जवळपास दुप्पट रेल्वे. हे खरं. पण आपला हात छोटा होत नाही, वाकायची उंची तीच, दाराचं पानही तेवढंच. धुळीचा कणही लहान होत नाही, आणि हलक्या इंजिनाला तो अधिक अडवतो. चाळिशीनंतर एवढे डबे रुळावर बसवायला वेगळा चष्मा लागतो.

मला एक आडवाट आवडते. एचओ रूळ युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजच्या मापाचा, १६.५ मिलिमीटरचा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे ८७ने भागून १९.३ यायला हवेत. त्यामुळे दुकानातल्या रुळावर भारतीय ब्रॉडगेज गाडी थोडी अरुंद रुळावर चालते, आणि ते खटकणाऱ्याला खटकत राहतं. पण कुर्डुवाडीची बार्शी लाइट रेल्वे किंवा विदर्भातली मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला यांचं गेज ७६२ मिलिमीटर होतं. भागून पाहा: ८.७६. म्हणजे बाजारात तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ त्यांना जवळजवळ अचूक बसतो. इंजिन आणि डबे एचओच्याच आकाराचे, हाताला-डोळ्याला सोपे. वळणं तीव्र, कारण खऱ्या मार्गावरही तशीच होती. गाडी तीन-चार डब्यांची, फलाट म्हणजे मुरमाचा ओटा. अडचणीच्या खोलीसाठी महाराष्ट्राने तयार करून ठेवलेला हा विषय आहे, आणि लोक मात्र वंदे भारत मागत बसतात.

ब्रॉडगेजवाल्यांनी निदान गाडीची लांबी मोजावी. हल्लीचा एलएचबी डबा कपलरसकट २४ मीटर, एचओत २७.६ सेंटिमीटर. बावीस डबे आणि इंजिन मिळून सव्वासहा मीटर होतात. हुबळीचा १,५०७ मीटरचा फलाट याच प्रमाणात सव्वासतरा मीटर भरेल. पाच डबे आणि इंजिन एक मीटर साठ सेंटिमीटरच्या आसपास बसतं, आणि स्टेशनच्या पुढे झाडं नि छपरं अशी लावायची की गाडीचं शेपूट कधी पूर्ण दिसूच नये.

गैरसमज: उन्हाळ्यात रूळ फुगतात म्हणून फटी ठेवा

फटी ठेवाव्यात, पण दोषी दुसराच आहे. रूळ निकेल सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचा. तापमान १५ अंशांनी वाढलं तर आपल्या साडेनऊ मीटरच्या मार्गात एकूण अडीच मिलिमीटरही वाढ होत नाही. हलतं ते लाकूड. मुंबईच्या जुलैत साधी फळी आडव्या शिरेत काही मिलिमीटर फुगते, डिसेंबरात आकसते, आणि रुळाला बरोबर ओढते. प्लायचे थर उलटसुलट शिरांचे असल्याने ते फार कमी हलतं. म्हणून साध्या फळ्यांऐवजी पाण्याला टिकणारं प्लाय, आणि त्याला दोन्ही बाजूंनी नि कडांना रंगाचा हात. फक्त वरून रंगवलेलं प्लाय खालून ओल पितं आणि वाकतं.

खिडकीपुढची पट्टी अरुंद, १२-१५ सेंटिमीटरची आणि उचलता येणारी ठेवावी. पावसात झडप लावायला हात पोचला पाहिजे. तिथे गवत आणि झाडं उन्हाने पहिल्या वर्षातच विटतात, तेव्हा खिडकीसमोर पूल किंवा बंधारा दाखवलेला बरा. विजेचा बोर्ड, पाण्याची चावी आणि एसीची नळी यांच्यासमोर कायमचं काही बांधू नये.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आलेले लोक म्हणतात, एवढं आपल्या घरात कसं होणार. तेवढं करायचंच नाहीये. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून फळीचा आणि वळणांचा पूर्ण आकाराचा आराखडा कापावा, फरशीवर पसरावा, दार उघडून-मिटून पाहावं. भिंती काटकोनात नाहीत हे त्याच दिवशी कळतं.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायला मालक तयार नसेल तर फळ्या लोखंडी रॅकवर ठेवता येतात. प्रत्येक तुकडा चार फुटांहून लांब नको, बोल्टने जोडलेला हवा, आणि तारांना मध्ये प्लग. अकरा महिन्यांचा करार संपला की तुकडा लिफ्टमधून उभा जायला हवा, म्हणून सुताराला माप देण्याआधी लिफ्टचं दार मोजून घ्या.